मुक्या वीरांची कढई

अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं एका विशिष्ट प्रकारचे इंग्रजी ग्रंथ वारंवार दिसतात. नकाशावर कोठेंही नसलेलीं राज्यें, मनुष्याहून उंच व दीर्घायु अशा यक्षसदृश जाति, शापित तलवारी, बोलणारे पक्षी आणि क्षणांत अदृश्य होणारे दुर्ग यांनीं भरलेल्या या कथांस आपल्याकडे अद्भुतरम्य वाङ्मय असें म्हणतात. असाच एक जाडजूड ग्रंथ काखेंत घेऊन एक विद्यार्थी मध्यंतरीं आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, या साऱ्या गोष्टी मूळच्या केल्टिकच ना?" आम्ही घाईंत होतों. "बहुतेक तसेंच," एवढें बोलून आम्हीं त्याची बोळवण केली. रात्रीं मात्र तें उत्तर मनास लागून राहिलें. ज्या शब्दाचा अर्थ आपण स्वतःस कधीं नीट विचारला नाहीं, तो शब्द एका जिज्ञासु मुलाच्या हातावर खुशाल ठेवून द्यावा, हें अध्यापकास भूषणावह नव्हे. प्रस्तुत लेख हें त्या उत्तराचें प्रायश्चित्त समजावें.

'केल्टिक' हा शब्द इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांत दोन अर्थांनीं चालतो, आणि त्या दोन अर्थांचा परस्परांशीं संबंध फार थोडा आहे. पहिला अर्थ भाषाशास्त्राचा. आयरिश, स्कॉटलंडची गेलिक व मॅन बेटाची मॅन्क्स ही एक शाखा. वेल्श, कॉर्निश व ब्रेटन ही दुसरी. आणि यूरोपखंडांत लुप्त झालेल्या गॉलिश आदिकरून त्यांच्या भगिनी. या सर्वांचें मिळून जें कुल होतें त्यास केल्टिक म्हणावयाचें. दुसरा अर्थ मनोवृत्तीचा. धुकें, सायंकाळ, हुरहूर, डोंगराच्या पोटांतील परीराज्य, आणि कशासाठीं तें न सांगतां येणारा शोक, या सर्वांची मिळून जी एक अस्पष्ट भावना होते तिलाही केल्टिक म्हणण्याचा प्रघात आहे. पहिल्या अर्थास व्याकरण लागतें, दुसऱ्यास कांहींच लागत नाहीं. म्हणूनच दुसरा अधिक लोकप्रिय झाला आहे. आमचें म्हणणें असें कीं, या प्रांतांतील अद्भुत वाङ्मयाचा कस पाहावयाचा असेल तर त्यांतील धुकें किती दाट आहे हें पाहूं नये. लेखकानें मूळ भाषेचें ऋण घेतलें कीं नाहीं, आणि घेतलें असल्यास तें कबूल केलें कीं नाहीं, हें पाहावें.

ही कसोटी आम्हीं बाहेरून आणलेली नाहीं. ती याच वाङ्मयांतील एका कथेनें आम्हांस सुचविली आहे. 'मॅबिनोगिऑन' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहांत ब्रान्वेन नामक राजकन्येची कथा आहे. तिचा भाऊ ब्रान हा ब्रिटनचा राजा. तो तिला आयर्लंडच्या राजास देतो; पण विवाहप्रसंगीं तिचा एक सावत्र भाऊ पाहुण्यांच्या घोड्यांची विटंबना करितो, आणि त्या अपमानाची भरपाई म्हणून ब्रान आयरिश राजास एक कढई देतो. या कढईंत मृत योद्ध्यास टाकलें असतां तो दुसऱ्या दिवशीं पूर्वीसारखाच लढण्यास समर्थ होऊन उठतो. फक्त त्याची वाचा गेलेली असते. पुढें सासरीं ब्रान्वेनचा छळ होतो. तिला स्वयंपाकघरांत राबावें लागतें. तेथें काथवटीच्या कांठावर ती एक साळुंकीच्या जातीचा पक्षी पाळते, त्यास बोलावयास शिकविते, आणि त्याच्या पंखाखालीं पत्र बांधून भावाकडे पाठविते. ब्रान सैन्यासह समुद्र ओलांडून येतो. युद्ध जुंपतें, आयरिश लोक आपले मृत वीर कढईंत टाकूं लागतात, आणि मुक्या वीरांच्या फौजा पुनः पुनः उभ्या राहतात. अखेरीस ज्याच्यामुळें हा अनर्थ ओढवला तोच सावत्र भाऊ प्रेतांत लपून कढईंत शिरतो, अंग ताणून ती फोडतो, आणि त्या श्रमानें त्याचेंही हृदय फुटतें. ब्रिटनच्या बाजूचे सातच पुरुष परत येतात. ब्रान्वेन दुःखानें प्राण सोडते.

या कथेंत आम्ही जो अर्थ पाहतों तो कथाकाराच्या मनांत होता असा आमचा दावा नाहीं. परंतु केल्टिक वाङ्मयाच्या गेल्या अडीचशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहतां या कढईची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तें वाङ्मय पुनः पुनः जिवंत करण्यांत आलें आहे. प्रश्न एवढाच कीं, उठलेला वीर बोलतो कीं मुका आहे?

प्रथम ज्यांनीं या वाङ्मयास वाचा दिली त्यांच्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यांचीं नांवें कादंबऱ्यांच्या वाचकांस क्वचितच ठाऊक असतात. योहान कास्पार त्सॉइस नांवाच्या एका बव्हेरियन पंडितानें १८५३ सालीं लॅटिन भाषेंत केल्टिक भाषांचें व्याकरण प्रसिद्ध केलें, आणि तीनच वर्षांनीं तो निवर्तला. त्याच्या ग्रंथाचा मुख्य आधार मोठा चमत्कारिक होता. आठव्या-नवव्या शतकांत आयरिश भिक्षु यूरोपांतील मठांत लॅटिन ग्रंथ शिकत व शिकवीत. अडलेल्या शब्दाचा अर्थ ते ओळींच्या मध्यें किंवा समासांत आपल्या मातृभाषेंत टिपून ठेवीत. वुर्झबुर्ग, मिलान व सेंट गॅल येथील हस्तलिखितांत या टिपा राहिल्या. त्या लिहिणारांस आपण भाषेचा ठेवा जतन करीत आहों अशी कल्पनाही नसावी; तो विद्यार्थ्याचा नित्याचा उद्योग होता. सेंट गॅल येथील लॅटिन व्याकरणाच्या पोथीच्या समासांत तर वादळी रात्रीमुळें नॉर्स चांचे येणार नाहींत म्हणून समाधान मानणारी एक छोटी कविता आहे, आणि अन्यत्र फाजील मद्यपानानें जड झालेल्या डोक्याची तक्रार प्राचीन ओघम लिपींत खरडलेली आहे. या समासांतील अक्षरांवरून त्सॉइसनें जुन्या आयरिश भाषेचें व्याकरण उभें केलें. पडक्या वाड्याच्या विटांवरून वाड्याचा नकाशा काढावा तसें हें काम होतें.

संस्कृताचा संस्कार असलेल्या वाचकास या भाषांत पुष्कळ ओळखीच्या खुणा सांपडतात. दांतास वेल्श भाषेंत 'दान्त्' म्हणतात. जुन्या आयरिशांत राजा म्हणजे 'री', अश्व म्हणजे 'एख्' आणि वीर म्हणजे 'फेर्'. या कुलानें आरंभींचा 'प' टाकून दिला, म्हणून संस्कृताचा 'पितृ' तेथें 'अथिर्' होऊन बसला. याहून मौजेची गोष्ट अशी कीं, या भाषांत शब्दाचें पहिलें अक्षरच संदर्भाप्रमाणें बदलतें. वेल्श भाषेंत मांजरास 'काथ्' म्हणतात; परंतु 'त्याचें मांजर' म्हणावयाचें झाल्यास 'गाथ्' आणि 'तिचें मांजर' म्हणावयाचें झाल्यास 'खाथ्' असें रूप होतें. त्याचें आणि तिचें यांस शब्द एकच. भेद कळतो तो केवळ पुढील अक्षराच्या बदलावरून. आपला संधि दोन शब्दांच्या सीमेवर घडतो, पण त्याच्यावर असा व्याकरणाचा भार सहसा नसतो. ज्यास हा नियम ठाऊक नाहीं त्यास वेल्श कोशांत शब्द देखील शोधतां येणार नाहीं. तेव्हां, या भाषा म्हणजे निव्वळ हुरहूर व धुकें अशी ज्याची समजूत असेल त्यानें त्यांचें व्याकरण एकदां उघडून पाहावें. तेथें धुकें नाहीं. काटेकोर नियम आहेत.

त्सॉइसच्या मागून आलेल्या पंडितांपैकीं एकाचें नांव आपल्या देशाशीं निगडित आहे. डब्लिनचे व्हिटली स्टोक्स हे १८६२ सालीं हिंदुस्थानांत आले आणि १८७७ ते १८८२ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळांत कायदेमंत्री होते. मालमत्तेच्या हस्तांतरणाचा १८८२ चा जो कायदा आपले वकील आजही चाळतात, त्याच्या घडणींत या गृहस्थाचा हात होता. दिवसा कायद्याचे मसुदे करावे आणि उरलेला वेळ जुन्या आयरिश पोथ्यांस द्यावा, असा त्यांचा क्रम असला पाहिजे. कारण त्यांनीं संपादिलेले कांहीं आयरिश ग्रंथ चक्क कलकत्त्यास छापले गेले. आयरिश वीरगाथांचा जो प्रवाह पुढें कवींच्या व कथाकारांच्या अंगणांत खेळला, त्याचा एक पाट हुगळीच्या कांठावरून गेला आहे, हें आपणांस विसरतां कामा नये.

हा झाला दिवा. आतां धुक्याकडे वळूं. जेम्स मॅकफर्सन यानें १७६० पासून तीनचार वर्षांत जे गद्यकाव्याचे ग्रंथ काढले ते तिसऱ्या शतकांतील ओसियन नामक अंध कवीच्या गेलिक काव्यांचीं भाषांतरें आहेत असें त्यानें जगास सांगितलें. सारा यूरोप त्या काव्यांनीं वेडावला. गटेनें आपल्या वेर्थरच्या हातीं तीं दिलीं, नेपोलियनची तीं आवडतीं होतीं. डॉक्टर जॉन्सनसारख्यांनीं मूळ हस्तलिखितें दाखवा म्हणून हट्ट धरला, तेव्हां तीं कांहीं निघालीं नाहींत. मात्र मॅकफर्सनला निव्वळ लबाड म्हणणेंही न्यायाचें होणार नाहीं. त्याची मायबोली गेलिक होती, आणि लोकांच्या तोंडीं असलेले खरे पोवाडे त्यानें ऐकले व वापरलेही होते, हें पुढील संशोधनानें सिद्ध झालें आहे. त्याचा अपराध कल्पना करण्याचा नव्हता. आपली कल्पना दुसऱ्याच्या नांवावर खपविण्याचा होता. त्याच्या यशाचा परिणाम असा झाला कीं, लोकांस खरे गेलिक पोवाडे दाखविले तर ते ओसियनसारखे नाहींत म्हणून खोटे वाटूं लागले. नकली नाणें खऱ्या नाण्यास बाजारांतून हुसकावून लावतें, तशांतला हा प्रकार.

वेल्समध्यें याच जातीचा, पण याहून गहन असा पुरुष झाला. एडवर्ड विल्यम्स, ज्यास इओलो मॉर्गानुग असें म्हणतात, हा धंद्यानें पाथरवट. वेल्श भाषेवर त्याचें असें प्रभुत्व होतें कीं, प्राचीन कवींच्या नांवावर त्यानें रचलेल्या कविता शंभर वर्षें पंडितांसही ओळखतां आल्या नाहींत. १७९२ सालीं त्यानें लंडनमधील एका टेकडीवर कवींची सभा भरवून जो विधि केला तो प्राचीन ड्रुइड पुरोहितांपासून चालत आलेला आहे असें त्यानें सांगितलें. वस्तुतः तो त्याच्याच डोक्यांतून निघालेला होता. विसाव्या शतकांत ग्रिफिथ जॉन विल्यम्स या संशोधकानें त्याचें सर्व बिंग बाहेर काढलें. तथापि तो विधि वेल्श साहित्यसंमेलनांत अद्याप चालतो, आणि त्यानें वेल्श भाषेच्या अभिमानास आधार दिला हेंही नाकबूल करतां येत नाहीं. आमच्या कसोटीस इओलो हा मोठाच अपवाद आहे असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणतों, त्यानें भाषेचें ऋण घेतलें आणि भाषेसच व्याजासह परत केलें. परंतु इतिहासाच्या खात्यांत मात्र खोटी नोंद केली. पहिल्यासाठीं त्यास मान द्यावा. दुसऱ्याची क्षमा करूं नये.

या दोघांहून अधिक विचारणीय उदाहरण मॅथ्यू आर्नल्ड यांचें आहे, कारण ते प्रामाणिक होते, रसिक होते, आणि आमच्या पिढीचे तर टीकाशास्त्रांतील गुरुच होते. ऑक्सफर्ड येथें काव्याचे अध्यापक असतांना त्यांनीं केल्टिक वाङ्मयावर व्याख्यानें दिलीं व तीं १८६७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. निसर्गाची जादू, विषण्णता, वस्तुस्थितीस न जुमानणारी भावनाशीलता हे केल्ट मनाचे गुण त्यांनीं मोठ्या गोडीनें वर्णिले. आपणांस या भाषा येत नाहींत हें त्यांनीं लपविलें नाहीं. ऑक्सफर्ड येथें केल्टिकचें अध्यासन असावें अशी त्यांनीं मागणी केली, आणि १८७७ सालीं तें स्थापन होऊन जॉन र्‍हिस हे पहिले अध्यापक झाले, याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. पण त्याच व्याख्यानांत, वेल्श ही व्यवहारांतील जिवंत भाषा या नात्यानें जितक्या लवकर नाहींशी होईल तितकें बरें, असेंही त्यांचें मत आहे! वाङ्मय विद्यापीठांत असावें, भाषा मात्र घरांतून जावी. कढईंतून वीर उठावा, पण बोलूं नये.

हें मत हवेंत काढलेलें नव्हतें. १८४७ सालीं वेल्समधील शिक्षणाविषयीं सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला होता. तो करणारे तिन्ही आयुक्त इंग्रज असून त्यांपैकीं एकासही वेल्श येत नव्हती. लोकांच्या अज्ञानाचें व अनीतीचें खापर त्यांनीं बव्हंशीं भाषेवर फोडलें. वेल्श लोक आजही त्या प्रकरणास 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात. त्या काळीं कित्येक शाळांतून वेल्श बोलतांना सांपडलेल्या मुलाच्या गळ्यांत लाकडाचा तुकडा अडकवीत. दुसरा कोणी बोलतांना सांपडला कीं तो तुकडा त्याच्या गळ्यांत जाई, आणि दिवसाअखेर ज्याच्या गळ्यांत तो असेल त्यास मार मिळे. ज्या देशांत मुलांस आईच्या भाषेबद्दल छडी मिळत होती, त्याच देशाच्या कथांतील जादूवर व्याख्यानें होत होतीं. मनोवृत्तीचा अर्थ आणि भाषेचा अर्थ यांची फारकत झाली म्हणजे काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण कोणतें?

याच सुमारास एक स्त्री अगदीं उलट मार्गानें चालली होती. लेडी शार्लट गेस्ट या इंग्रज उमरावाच्या कन्या. १८३३ सालीं वेल्समधील एका लोखंडाच्या कारखानदाराशीं त्यांचा विवाह झाला. सासरीं आल्यावर त्यांनीं तेथील भाषा शिकण्यास आरंभ केला. संसार, दहा मुलें आणि कारखान्याचा पत्रव्यवहार सांभाळून त्यांनीं १८३८ ते १८४५ पर्यंत वेल्श कथांचें इंग्रजी भाषांतर भागशः प्रसिद्ध केलें, आणि तें आपल्या दोन मुलांस अर्पण केलें. वेल्श जाणकारांचें त्यांनीं साह्य घेतलें. भाषांतरासोबत मूळ वेल्श संहिताही छापली. त्यांच्या भाषांतरांत दोष आहेत. शृंगाराच्या व इतर अडचणीच्या जागा त्यांनीं सोवळेपणानें गाळल्या आहेत, आणि १९४८ चें ग्विन जोन्स व टॉमस जोन्स यांचें किंवा २००७ चें शॉनेद डेव्हिस यांचें भाषांतर अधिक विश्वसनीय आहे. परंतु परभाषेंतून आलेल्या स्त्रीनें आधीं ती भाषा शिकावी आणि मग तिच्या कथा जगापुढें ठेवाव्या, हा क्रम आम्हांस वंदनीय वाटतो.

आयर्लंडमध्यें हींच दोन टोकें एका वर्षांत एकत्र आलेलीं दिसतात. १८९३ सालीं येट्स यांनीं आपल्या परीकथांच्या पुस्तकास 'केल्टिक संधिप्रकाश' असें नांव दिलें, आणि तें नांव पुढें एका साऱ्या संप्रदायास चिकटलें. त्याच वर्षीं डग्लस हाइड यांनीं कॉनॉक्ट प्रांताचीं प्रेमगीतें मूळ आयरिशासह प्रसिद्ध केलीं, आणि भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीं गेलिक लीग स्थापन करण्यांत पुढाकार घेतला. येट्स यांस आयरिश येत नव्हती. ते थोर कवि होते, आणि इंग्रजी काव्यास त्यांनीं जें दिलें तें हाइड कधींही देऊं शकले नसते. तथापि आयरिश शेतकऱ्याच्या तोंडची ओळ जशीच्या तशी ऐकावयाची असेल तर हाइड यांच्याकडेच जावें लागतें. प्रतिभा ऋण फेडते. पण फेडण्यापूर्वीं कोणीतरी तें मोजून द्यावें लागतें.

प्रतिभेनें हें मोजणेंच नाकारलें म्हणजे रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या 'श्वेत देवता' या १९४८ सालच्या ग्रंथासारखी कृति निपजते. एका जुन्या वेल्श कवितेच्या ओळी भाषांतरावरून घेऊन, त्यांचा क्रम आपल्या मतें लावून, ग्रेव्ह्ज यांनीं त्यांतून वृक्षांची गुप्त वर्णमाला व एका आदिदेवतेचा धर्म काढला. ग्रंथ वाचतांना मनुष्य मंत्रमुग्ध होतो. केल्टिक पंडितांनीं मात्र तो प्रमाण मानलेला नाहीं. ग्रेव्ह्ज यांचे आजोबा लिमरिकचे बिशप असून ओघम लिपीचे नामांकित अभ्यासक होते! आजोबांनीं एकेक अक्षर लावावें आणि नातवानें त्याच अक्षरांचें अरण्य करावें, हा योग विलक्षण खरा. ग्रेव्ह्ज यांनीं हीच कल्पना कादंबरी म्हणून दिली असती तर आम्हीं ती डोक्यावर घेतली असती. 'हें मीं रचलें' असें म्हणणारा कथाकार 'हें असें होतें' असें म्हणणाऱ्या अर्धपंडितापेक्षां सत्याच्या अधिक जवळ असतो.

आतां ज्या कथाकारांसाठीं हा प्रपंच मांडला त्यांच्याकडे येऊं. अमेरिकन लेखक लॉइड अलेक्झांडर यांनीं १९६४ ते १९६८ या काळांत 'प्रिडेन'ची पांच पुस्तकांची मालिका मुलांसाठीं लिहिली. दुसऱ्या महायुद्धांत सैनिक म्हणून ते वेल्समध्यें होते. प्रिडेन म्हणजे खरा वेल्स नव्हे, त्या कथांवरून आपण रचलेला देश होय, असें त्यांनीं आरंभींच सांगून टाकलें आहे. आमच्या कसोटीची निम्मी परीक्षा ते येथेंच उतरतात. त्यांनीं ब्रान्वेनच्या कथेंतील कढई घेतली आणि तींतून उठणाऱ्या मुक्या सैनिकांस एका दुष्ट राजाचे गुलाम केलें. कल्पना प्रभावी आहे. परंतु तो दुष्ट राजा म्हणून त्यांनीं ज्यास उभें केलें तो अराउन मूळ कथेंत परलोकाचा सज्जन अधिपति आहे. पुइल् नामक राजपुत्राशीं तो एक वर्ष रूप व राज्य यांची अदलाबदल करितो, आणि परत आल्यावर पाहतो तों मित्रानें आपल्या राणीस स्पर्शही केलेला नाहीं. तेव्हांपासून दोघांची मैत्री दृढ होते. वेल्श कथेंतील परलोक हा नरक नव्हे. शब्द पाळणाऱ्यांचें तें शेजारचें राज्य आहे. अलेक्झांडर यांनीं तेथें काळा राक्षस बसविला आणि मूळ कथेंतील सर्वांत सूक्ष्म गोष्ट हातची घालविली. मालिका वाचनीय आहे, शेवटचा भाग तर मनास चटका लावणारा आहे. पण येथें नांवें बोलतात, कथा अर्धी मुकीच राहते.

ॲलन गार्नर यांची १९६७ ची 'घुबडांचीं ताटें' ही कादंबरी याहून खोल जाते. मूळ कथा अशी: ल्लेउ या वीरास मानवी स्त्री लाभूं नये असा आईचा शाप असतो, म्हणून दोन मांत्रिक त्याच्यासाठीं फुलांची स्त्री घडवितात. ती दुसऱ्यावर अनुरक्त होते, पतीच्या घातास कारण होते, आणि शिक्षा म्हणून तिचें घुबड केलें जातें. गार्नर यांनीं ही कथा प्राचीन काळांत ठेवली नाहीं. एका वेल्श खोऱ्यांतील घरीं सुटीस आलेल्या दोन इंग्रज मुलांवर आणि तेथील स्वयंपाकिणीच्या ग्विन या मुलावर ती पुनः कोसळते असें दाखविलें. या पुस्तकासाठीं ते वेल्श शिकले. त्याचें फळ वेल्श शब्दांच्या गर्दींत दिसत नाहीं. तें ग्विनच्या दुःखांत दिसतें. हा हुशार मुलगा आपलें वेल्श वळण घालविण्यासाठीं इंग्रजी उच्चारांच्या ध्वनिमुद्रिका लपवून ठेवतो, आणि इंग्रज मुलगा त्याच गोष्टीवरून त्याची थट्टा करितो. १८४७ च्या लाकडी तुकड्याची जागा येथें ध्वनिमुद्रिकेनें घेतली आहे. तुकडा दुसऱ्यानें गळ्यांत घालावा लागे, मुद्रिका मुलगा स्वतःच विकत घेतो. जुन्या कथेचा शाप आणि भाषेची लाज हीं गार्नर यांनीं एकाच दोऱ्यांत ओवलीं. हा वीर बोलतो. आणि आपणांस बोलण्याची लाज कां वाटली तेंही सांगतो.

शेवटीं टोल्कीन. आमचा विद्यार्थी घेऊन आला होता तो ग्रंथ यांचाच. बर्मिंगहॅमजवळ बालपणीं कोळशाच्या वाघिणींवर लिहिलेलीं वेल्श गांवांचीं नांवें पाहून या भाषेनें त्यांस मोहिनी घातली. १९१४ सालीं ऑक्सफर्ड येथें मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेंतून त्यांनीं जॉन मॉरिस-जोन्स यांचें वेल्श व्याकरण घेतलें. पुढें लीड्स येथें त्यांनीं मध्ययुगीन वेल्श शिकविलीही. आपल्या कल्पित यक्षांसाठीं त्यांनीं जी सिंदारिन भाषा रचली तिचा नाद वेल्शचा आहे, आणि पहिलें अक्षर बदलण्याचा जो नियम आम्हीं वर मांजराच्या उदाहरणानें सांगितला तो त्या भाषेंतही आहे. मौज ही कीं, १९३७ सालीं त्यांच्या अप्रकाशित पुराणकथा प्रकाशकाच्या परीक्षकानें केल्टिक म्हणून वर्णिल्या, तेव्हां टोल्कीन यांस तें रुचलें नाहीं. आपणांस मूळ आयरिश व वेल्श साहित्य ठाऊक आहे आणि त्यांतील असंबद्धता आपणांस फारशी मानवत नाहीं, अशा अर्थाचें त्यांनीं उत्तर दिलें. २० ऑक्टोबर १९५५ रोजीं 'मुद्रिकांचा स्वामी' या त्यांच्या कथेचा अखेरचा खंड प्रसिद्ध झाला, आणि दुसऱ्याच दिवशीं ऑक्सफर्ड येथें त्यांनीं इंग्रजी व वेल्श या विषयावर व्याख्यान दिलें. केल्टिक या शब्दाचा वाटेल तें भरावें अशी जादूची पोतडी म्हणून जो उपयोग होतो त्याचा त्यांनीं तेथें समाचार घेतला, आणि वेल्श ही आज बोलली जाणारी सुंदर भाषा म्हणून तिचा गौरव केला.

म्हणजे आर्नल्ड यांस जादू हवी होती, भाषा नको होती. टोल्कीन यांस भाषा हवी होती, जादूची सबब नको होती. आणि जगास खरी वाटणारी जादू निर्माण झाली ती दुसऱ्याच्या हातून! हा केवळ योगायोग नव्हे असें आम्हांस वाटतें. ज्या देशांत नद्यांचीं व डोंगरांचीं नांवें नियमानें बनलेलीं असतात तो देश वाचकास खरा भासतो, जरी त्यास तो नियम सांगतां आला नाहीं तरी. भाषेचा कणा असल्यावांचून कल्पनेस उभें राहतां येत नाहीं.

यावर कोणी आक्षेप घेईल कीं, प्रत्येक कथाकारानें व्याकरणकार व्हावें काय? मुळींच नव्हे. येट्स यांचें उदाहरण आम्हीं वर दिलेंच आहे. आमचें मागणें इतकेंच कीं, घेतलेलें कोठून घेतलें तें सांगावें, रचलेलें तें रचलेलें म्हणावें, आणि ज्या लोकांच्या कथा घेतल्या ते अद्याप जिवंत असून बोलत आहेत हें विसरूं नये. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें वेल्समध्यें सुमारें ५,३८,००० माणसें, म्हणजे शेंकडा १७.८, वेल्श बोलूं शकत होतीं. मॅन्क्स भाषा लहानपणापासून बोलणारा जुन्या पिढीचा अखेरचा पुरुष १९७४ सालीं वारला. हा आंकडा आणि ही तारीख ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या दृष्टीनें केल्ट म्हणजे केव्हांच मावळलेली परीजात; आणि मेलेल्यावर कोणींही कोणतेंही वस्त्र घालावें.

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही पुनः बोलावून घेतलें. 'हें सारें केल्टिक आहे काय' या प्रश्नास, 'त्यांतील नांवें कशीं बनलीं आहेत तें पाहा, म्हणजे तुझें तुलाच कळेल,' असें सांगून शार्लट गेस्ट यांचें पुस्तक त्याच्या हातीं दिलें. आठवड्यानें तें परत करतांना तो म्हणाला, "सर, कढईपेक्षां मला तो पक्षी जास्त आवडला." आम्हांस क्षणभर उत्तर सुचेना. इतका वेळ आम्ही मुक्या वीरांविषयींच विचार करीत होतों. पण त्या कथेंत ब्रान्वेनची सुटका करण्यासाठीं समुद्र ओलांडला तो प्रथम त्या पक्ष्यानें. आणि त्यास तें साधलें याचें कारण, एका कष्टी स्त्रीनें काथवटीपाशीं बसून त्यास आधीं बोलावयास शिकविलें होतें.